अहो गृहस्थ, एक्केचाळीस वेळा

७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

हे पत्र भाचा म्हणून नाही, संपादक म्हणून लिहितो आहे. तेव्हा वाचताना चष्म्याबरोबर थोडा संयमही चढव.

'शिंपीणबाई आणि बंद खिडकी' मिळाली. नववी शिंपीणबाई आतापर्यंतची सगळ्यात चांगली आहे, हे आधी सांगतो. बेकरीवाला खोकल्याचं औषध पिऊन मरतो आणि शिंपीणबाई त्याच्या कोटाचं चुकीचं लावलेलं बटण बघून ओळखते की कोट मेल्यानंतर चढवला आहे. हे वाचून मी ऑफिसात एकटाच टाळी वाजवली.

आता अडचण. समोरच्या खिडकीत बसणारा म्हातारा. त्याची वाचा गेली आहे, एकच शब्द उरला आहे आणि तो शब्द ही शिवी आहे. मी मोजली, एक्केचाळीस वेळा आहे. आमच्या मालकीणबाईंचा नियम तुला आठ पुस्तकांपासून माहीत आहे. एक खून, एक मांजर, शिवी शून्य. आपली पुस्तकं लोक दुपारी आडवं होऊन वाचतात, आजारपणात वाचतात, झोप यावी म्हणून वाचतात. गेल्या वर्षी दुसऱ्या एका लेखकाच्या पुस्तकात कोणीतरी 'च्यायला' म्हणाला, तर तक्रारीची अकरा पत्रं आली. त्याच पुस्तकात तीन माणसं गच्चीवरून ढकलली होती. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

शिवाय मला ते पटतही नाही. माणसाचं सगळं बोलणं जाईल आणि नेमकी शिवी तेवढी राहील, असं कुठे असतं का? वाचक म्हणेल, लेखिकेने गंमत म्हणून घुसवलंय. म्हाताऱ्याला मुका कर, काम भागेल. हातवारे करू दे.

कळव.

तुझा,
टिंब्या


१२ फेब्रुवारी

चि. टिंब्यास,
अनेक आशीर्वाद.

कोणता शब्द? भडव्या? मग तसं लिही की. दोन पानी पत्रात तू 'ही शिवी' 'ती शिवी' करत बसला आहेस, जसा काही तो शब्द शेजारच्या खोलीत झोपलाय आणि जागा होईल.

तुमच्या मालकीणबाईंचा हिशेब मला समजून सांग. बेकरीवाल्याला विष घातलं, चाललं. तो तडफडून मेला, मी सव्वा पान लिहिलं, चाललं. त्याची बायको दुसऱ्या दिवशी त्याच्याच भावाला घेऊन जेवायला बसली, तेही गोड मानून घेतलंत. आणि एक म्हातारा खिडकीतून एक शब्द बोलला तर तुमचे वाचक उशीवरून उठून बसणार? याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

मी तीस वर्षं बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावल्या. पहाटेच्या गाडीचा ड्रायव्हर आला नाही की 'अहो, आपण येता का' म्हणून गाडी निघत नसते. त्या शब्दाने मी किती गाड्या वेळेवर सोडल्या त्याची तुला कल्पना नाही. त्याच ड्रायव्हरांनी मी रिटायर झाले तेव्हा वर्गणी काढून मला शिलाई मशीन दिलं आणि दोघं तर चक्क रडले. शब्द वाईट नसतो रे, कोणत्या तोंडातून आणि कशा सुरात येतो ते बघायचं असतं.

आणि म्हाताऱ्याला मुका करायचं नाही. तेवढं सोडून काय म्हणशील ते कर. हवं तर मांजराचा रंग बदल. तो मुका नाही, बोलतो. शिंपीणबाई तेच तर शोधून काढते! लांबवून म्हटलं की 'हो'. तुटक म्हटलं की 'नाही'. दोनदा हलकेच म्हटलं की चहा. खालच्या सुरात, श्वास सोडत म्हटलं की काहीतरी दुखतंय. आणि दात आवळून म्हणतो ते एकाच माणसाला बघून, तोच खुनी. सगळी आळी म्हणते म्हातारा शिव्या देतो, आणि त्याच्या खिडकीखालून जायचं टाळते. एकटी शिंपीणबाई स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसते आणि ऐकते. पुस्तक हे आहे. बाकी खून वगैरे तुमच्यासाठी.

'असं कुठे असतं का' म्हणतोस. असतं. माझं ऐक.

काका बरे आहेत. घसा अजून बसलेलाच आहे, म्हणून फोनवर येत नाहीत. मलाही फोन नको वाटतो, तीस वर्षांत कान पिकले. पत्रच बरं.

तुझी,
मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र मालकीणबाईंना दाखवलं नाही. माझी नोकरी मला प्रिय आहे.

पण मी मधला रस्ता काढला आहे, आणि तू चिडायच्या आधी पूर्ण वाच. म्हातारा बोलेल. एकच शब्द बोलेल. लांबवून, तुटक, दात आवळून, सगळं तू लिहिलंस तसंच. फक्त शब्द बदलला आहे. तो आता 'अहो गृहस्थ' म्हणतो. एक्केचाळीस ठिकाणी मी स्वतः बदल केला, प्रुफं सोबत पाठवली आहेत. आणखी सात संच चाळणीला गेले.

चाळणी तुला ठाऊक नसेल. मालकीणबाईंच्या ओळखीच्या सात निवृत्त बायका आहेत. छापायच्या आधी प्रत्येक पुस्तक त्या वाचतात आणि जे खटकेल त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करतात. त्यांच्यातल्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा 'उघडी खिडकी' या शब्दांभोवती गोल केला होता. कारण विचारलं तर म्हणाल्या, 'पुढे काय होईल सांगता येत नाही.' तेव्हा माझ्या बाजूने विचार कर.

आणखी एक सांगतो, भाचा म्हणून. तो शब्द मला छापायचा नाही याला माझंही एक कारण आहे. तू विषय काढलास म्हणून, नाहीतर बोलणार नव्हतो. गेल्या मार्चमध्ये मी तुमच्याकडे येऊन गेलो. तू घरी नव्हतीस. काकांच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात भाषण मी वाचायचं ठरलं होतं आणि मी पोचलोच नाही. ऑफिसचं काम होतं ही थाप होती. एवढ्या लोकांसमोर, स्टँडच्या माईकवर गाड्या पुकारून ज्यांचा आवाज सगळ्या गावाला पाठ झाला त्या माणसासमोर वाचायचं, या विचारानेच मी घरातून निघालो नाही. तीन महिन्यांनी माफी मागायला आलो, बिस्किटांचा मोठा डबा घेऊन. दार उघडंच होतं. काका दाराकडे पाठ करून खिडकीशी बसले होते. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली, मला बघितलं आणि तोच शब्द म्हणाले. मी म्हटलं, काका, चुकलो. पुन्हा तोच शब्द. तिसऱ्यांदा तर ओरडूनच.

ज्या माणसाने मला लहानपणी 'कृपया' नीट म्हणायला शिकवलं, बसस्टँडवर ज्यांच्या तोंडून कोणी कधी वावगा शब्द ऐकला नाही, त्यांनी मला ते म्हणावं, म्हणजे माझी लायकी तेवढीच असणार. डबा पायरीवर ठेवला आणि निघालो. म्हणून येत नाही मी. तू एरवी दर पत्रात विचारतेस ना?

प्रुफं लवकर पाठव.

टिंब्या


११ मार्च

चि. टिंब्यास,

एकोणीस दिवस उत्तर लिहिलं नाही. दोनदा बसले, दोनदा कागद फाडला. पुस्तकात माणसं मारताना शाई सांडत नाही, इथे मात्र सांडली.

आधी सोपं सांगते. तो डबा मला पायरीवर सापडला होता. मला वाटलं शेजारणीचा. द्यायला गेले तर त्या बाईने 'हो, माझाच' म्हणून ठेवून घेतला. आज जाऊन तिला काय ते ऐकवून आले. नाही, 'अहो गृहस्थ' नाही म्हटलं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. काकांचा घसा बसलेला नाही. निरोप समारंभानंतर पाच आठवड्यांनी, सकाळी दाढी करताना, ते न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात आला नाही, आणि बोलणं गेलं. चौतीस वर्षं माईकवर बोललेला माणूस. दीड महिना एक अक्षर नाही. मग एके दिवशी नर्सने उशी सरळ केली तर स्पष्ट, खणखणीत, स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, 'भडव्या.' नर्स उडालीच. मी आधी हसले आणि मग भिंतीला तोंड करून रडले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. बाकीचं बोलणं जातं आणि तोंडात बसलेलं असं काहीतरी उरतं. कोणाचं 'बरं बरं' उरतं, कोणाचे आकडे. यांचं हे उरलं.

आतून सगळं शाबूत आहे रे. कळतं सगळं. पेपरातल्या चुका दाखवतात. त्यांना म्हणायचं असतं 'या, बसा', आणि तोंडातून येतं ते हे. आलेल्या माणसाचा चेहरा पडतो, तो यांना दिसतो, मग ते घाईने आणखी जोरात सांगायला जातात आणि पुन्हा तेच येतं. डेपोतले सगळे एकेकदा येऊन गेले. दुसऱ्यांदा कोणी आलं नाही. मी कितीजणांना समजावू? काकांनीच खूण करून सांगितलं, कोणाला कळवू नकोस. आवाजावर जगलेला माणूस, लाज वाटते त्यांना. म्हणून घसा बसला.

म्हणून पुस्तक. आमच्या आळीत, डेपोत, दवाखान्यात सगळे तुमची ती झोपाळू पुस्तकं वाचतात. मला वाटलं, मी सांगून ऐकत नाहीत, शिंपीणबाई सांगेल तर ऐकतील. खिडकीतल्या म्हाताऱ्यासमोर स्टूल टाकून बसायचं असतं, हे तरी कळेल लोकांना. मी दुपारी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते. म्हाताऱ्याचे सगळे सूर त्यांनी स्वतः तपासून दिलेत. एका ठिकाणी मी चुकीचा लिहिला होता, तर करून दाखवला.

तुझी प्रुफं मी वाचून दाखवली. पहिल्या 'अहो गृहस्थ'ला ते हसले. दुसऱ्याला हसले नाहीत. पाचव्याला त्यांनी डाव्या हाताने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि पालथा ठेवला. टिंब्याही आता भेटेल तेव्हा माझा शब्द असाच बदलणार, असं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं. मी पुढे वाचलं नाही.

आणि गेल्या मार्चचं. मी विचारलं त्यांना, टिंब्या आला होता का? त्यांनी लांबवून म्हटलं. खूप लांबवून. मग डोळे पुसले. तुला तीन वेळा म्हणाले ना? तिसऱ्यांदा तू पाठ फिरवली असणार. तू मोजणारा माणूस आहेस, आता तूच अर्थ लाव.

मावशी


१५ मार्च

मावशी,

रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. काकांना सांग. नको, मी आल्यावर त्यांनाच ओळखू दे.

बिस्किटं आणतो. दार उघडं ठेव.

टिंब्या


४ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न.

तू चहा करायला गेलीस आणि मुद्दाम अर्धा तास लावलास, हे मला कळलं होतं. चहाला अर्धा तास लागत नाही. त्या अर्ध्या तासात काय झालं ते तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो.

मी स्टूल ओढून समोर बसलो. काका म्हणाले, लांबवून. मीही 'हो' म्हटलं. मग पाकिटातून तो कागद काढला. निरोप समारंभाचं भाषण. सव्वा वर्ष पाकिटात होतं, घड्यांवर फाटलंय. मी ते उभं राहून वाचलं. 'गाडी चुकलेल्या माणसालाही ज्यांच्या आवाजाने धीर यायचा' या वाक्याला मी घाई केली, तर काकांनी तुटक म्हटलं. मी थांबलो, परत वाचलं. पुन्हा तुटक. तिसऱ्यांदा सावकाश वाचलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. संपल्यावर मी कागदाची घडी घातली. ते दोनदा हलकेच म्हणाले. मग मी तुला चहासाठी हाक मारली. मला वाईट वाटत होतं, मावशी, खूप वाईट, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

आता ऑफिसची बातमी. ही बसून वाच.

चाळणीतून प्रुफं आली. 'अहो गृहस्थ'च्या एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जागांवर लाल गोल! सातही बायकांचे! मालकीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, 'हे फार अश्लील आहे. दात आवळून कोणी अहो गृहस्थ म्हणत नाही. याच्या जागी काहीतरी दुसरं होतं हे स्पष्ट दिसतं, आणि ते काय असेल या विचाराने मला तीन दिवस झोप नाही.' बाकीच्यांनी माना डोलावल्या. मालकीणबाईंनी विचारलं, काय असेल असं वाटलं? तर प्रत्येकीने आपापल्या प्रतीत समासात अंदाज लिहूनच ठेवला होता.

मालकीणबाईंनी चष्मा लावला आणि सातही प्रती वाचल्या. मावशी, त्यात एक माजी परिचारिका आहेत, एक बालवाडीच्या बाई आहेत. त्यातले तीन शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. एकाचा अर्थ मला आमच्या छपाईवाल्याला विचारावा लागला, आणि तो लाजला. बालवाडीच्या बाईंनी तर वाक्यच लिहिलं होतं. मालकीणबाईंनी पाणी मागितलं.

मग मी मूळ शब्द सांगितला. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, 'एवढंच?' त्यांचा हिरमोड झालेला दिसत होता. तेव्हा मी काकांचं सांगितलं. नाव, गाव काही नाही, फक्त एक माणूस आणि एक खिडकी. काकांना कोणाला कळवायचं नव्हतं, तरी सांगितलं. रागावायचं तर रागाव. मुख्याध्यापिकाबाईंनी लाल पेन्सिल पर्समध्ये ठेवली. म्हणाल्या, त्यांच्या थोरल्या बहिणीचं शेवटी फक्त 'ऊठ' उरलं होतं, आणि त्या दोन वर्षं हुकूम समजून उठत होत्या. कोणी सांगितलं असतं तर बसल्या असत्या.

मालकीणबाईंनी माझ्यासमोर वहीत लिहिलं: 'एक खून, एक मांजर, एक शिवी (या पुस्तकापुरती).' एक्केचाळीस जागा मी माझ्या हाताने परत फिरवल्या. सव्विसाव्या जागेला जरा बोट अडखळलं, सवय नाही.

एक विचारायचं राहिलं. काकांनी आयुष्यात कधी शिवी दिली नाही. आम्हा पोरांना कोणी 'गाढवा' म्हटलं तरी ते कानाला हात लावायचे. मग नेमका हाच शब्द त्यांच्याकडे कुठून आला?

तुझा,
टिंब्या


१९ जून

चि. टिंब्यास,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकं मिळाली. दहा प्रती मागितल्या होत्या, तू पंचवीस पाठवल्यास. बालवाडीच्या बाईंना माझ्याकडून नमस्कार सांग आणि त्यांना पुस्तक लिहायला लाव, दुसऱ्याच कुठल्यातरी प्रकाशकाकडे. बारा प्रती डेपोत वाटल्या, दोन दवाखान्यात, एक शेजारणीला. ती म्हणते आवडलं. बिस्किटांचं मात्र अजून बोलत नाही.

काल पहाटेच्या गाडीचा जुना ड्रायव्हर आला. तोच तो, मशीन देताना रडलेला. काही न बोलता स्टूल ओढलं आणि काकांसमोर बसला. काकांनी लांबवून म्हटलं. तोही तेवढंच लांबवून तेच म्हणाला. मग तासभर दोघांचं काय काय चाललं होतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. जन्मात इतकी घाण भाषा आणि इतक्या गप्पा एकत्र ऐकल्या नव्हत्या.

तुझा प्रश्न. एवढे दिवस टाळला कारण सांगायला लाज वाटते, आणि मला लाज सहसा वाटत नाही.

अरे ठोंब्या, तो शब्द त्यांचा नाहीच. माझा आहे.

माझी ड्यूटीची खोली आणि त्यांची माईकची खोली यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. इकडे मी फोनवर ड्रायव्हरांना हाणायची, तिकडे ते सांगत असायचे, 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.' माझा आवाज चढला की ते पटकन माईकवर हात ठेवायचे, म्हणजे स्टँडभर जायला नको. कधी उशीर व्हायचा आणि माझं ते 'भडव्या' साऱ्या प्रवाशांना ऐकू जायचं. मग ते 'क्षमस्व' म्हणायचे, माझ्या वतीने. घरी येऊन मला समजवायचे, अगं, एवढं चांगलं तोंड दिलंय देवाने, एवढा एक शब्द सोड. आमच्या संसारात भांडण झालं असेल तर ते या एकाच शब्दावरून. मी कधी सोडला नाही.

डॉक्टरांनी विचारलं होतं, हा शब्द यांच्या फार तोंडात होता का? मी म्हटलं, नाही हो, कधीच नाही. पुढचं बोलले नाही. त्यांचे स्वतःचे हजारो शब्द होते टिंब्या, किती सुंदर बोलायचा हा माणूस. ते सगळे गेले. बायकोचं नावही गेलं. आणि माझा एवढा एक राहिला. मी रोज ऐकते तेव्हा मला वाटतं, हाक मारतायत.

आज दुपारी पुस्तक वाचायला घेतलं. छापलेलं, कव्हरवर खिडकी आणि मांजर. सत्तेचाळिसाव्या पानावर पहिल्यांदा तो शब्द आला आणि मी वाचला, जसा डेपोत म्हणायची तसा, मोठ्याने. काकांनी डावा हात उचलला. समोर टेबलावर त्यांचा चहाचा कप होता. त्याच्यावर त्यांनी पटकन तळहात झाकला आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, 'असू दे हो. ऐकू दे सगळ्यांना.'

त्यांनी हात काढला. मग मी पुढचं पान वाचलं.

तुझी,
मावशी